पहिल्या शनिवारचा बुके

नाही, नाही, आधी बसा. ते स्टूल पुढं ओढा — ते नको, त्याचा एक पाय आखूड आहे, गिऱ्हाईक बोलता बोलता माझ्या अंगावर येतं — हं, ते दुसरं. आता दाखवा फोन. दाखवा हो, मी कुठं पळून जातेय, इतक्या बादल्या सोडून. हा मागच्या महिन्याचा. बरोबर, फोटो मीच काढला, मीच पाठवला. हा त्याच्या आदल्या महिन्याचा, तोही माझाच. मागं पिवळी भिंत, भिंतीला खिळा, खिळ्याला सुतळीचं रीळ. आणि तुमच्या बाबांच्या घरातल्या भिंती पांढऱ्या. मान्य. म्हणजे ही बाई बुके घरी पोचवतच नाही, दुकानातच फोटो काढून पाठवून देते आणि फुलं दुसऱ्याला विकते, असंच ना? पहिली बस पकडून, बॅगेसकट, बाबांच्या घरी न जाता थेट माझ्या दुकानात आलात, म्हणजे वाटभर डोक्यात हेच शिजत असणार. तुमच्या जागी मी असते तर स्टूलसुद्धा घेतलं नसतं, उभ्यानंच भांडले असते. पाणी घ्या. तो तांब्या नाही, तो फुलांचा. हा.

ओळखलं कसं? आवाजावरून, आणखी कशावरून. तीन वर्षं झाली, दर महिन्याला पहिल्या शनिवारच्या आधीचा गुरुवार, संध्याकाळी साडेसहा ते सात, मागं कुकरची शिट्टी नाहीतर मुलांची मारामारी — 'हॅलो, फुलांचं दुकान ना? नेहमीचा.' मी विचारायचं, मजकूर काय लिहू? तुम्ही म्हणायचं, नेहमीचाच. की झाला आपला संवाद, पाऊण मिनिटात. मग मी ही हिरव्या शाईची पेन्सिल — पेन, पेन — घ्यायची आणि कार्डावर लिहायचं, 'बाबा, तब्येतीची काळजी घ्या.' चार शब्द. वर नाही, खाली नाही. मला तर झोपेतसुद्धा लिहिता येईल. टोचून बोलत नाही मी, खरंच नाही, माणसं कामात असतात, आणि तुम्ही एकदाही विसरला नाहीत — एकदा विसरलात, पण ते नंतर. ते नंतर सांगते. सांगू की नको तेही बघते.

तर ऐका. पहिलं वर्षभर मी स्वतः स्कूटरवरून जायचे. पाण्याच्या टाकीचा चढ चढून, पोस्टाच्या कोपऱ्यावरून आत, तुमच्या गल्लीत. बेल वाजवली की आधी खोकला, मग चपला, मग कडी, आणि मग दार उघडायचं, चार बोटं. चार म्हणजे चारच. त्या फटीतून एक हात बाहेर यायचा, बुके आत जायचा, 'आभारी आहे', दार बंद. अहो फोटो काढायचाय, म्हटलं की बुके पुन्हा बाहेर यायचा, पायरीवर बसायचा, दार पुन्हा बंद. ते फोटो बघा तुमच्या फोनमध्ये, असतील — सगळे पायरीवरचे. बाबा कुठं दिसतायत का त्यात? नखसुद्धा नाही. शंका यायची तर तेव्हा यायला हवी होती. त्या फटीतून मला तुमच्या घरातली एकच गोष्ट दिसायची, शिलाईचं मशीन, त्यावर चादर टाकलेली. चाळीस वर्षं या गावाचे कोट शिवले त्यांनी, आणि तुमची आई गेली तशी सुई हातात धरवेना. हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हाला माहीत आहे. मला परत येताना चढ उतरवत नसे, एवढं वाईट वाटायचं.

मग एक सोमवार. मी शटर अर्धं वर केलंय, बादल्या बाहेर काढतेय, तर तुमचे बाबा समोर उभे, हातात शनिवारचा बुके. म्हटलं झालं, गुलाब माना टाकून बसले, आली तक्रार. तर म्हणतात कसे, 'ही फीत कुणी कापली?' म्हटलं, मी. 'कशानं कापलीत, दातांनी?' — आता सांगा, सकाळी सकाळी, बोहनीच्या आधी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझी कात्री उचलली, धारेवरून अंगठा फिरवला, अशी बघितली, जशी काही मी तिच्यानं खडी फोडते, आणि खाली ठेवली. निघून गेले. वीस मिनिटांनी परत, स्वतःची कात्री घेऊन. ती मोठी काळी, कुणाला हात लावू देत नाहीत ती. 'फीत तिरकी कापायची. सरळ कापली की दोरे सुटतात.' आणि बसले तुम्ही बसलात त्याच स्टुलावर, आणि अख्खं रीळ कापलं. बारा वाजेपर्यंत. ते कापतायत आणि मी बोलतेय. मला काय, ऐकणारा मिळाला की माझं धरण फुटतं, आमचे हे जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हापासून मी जरबेऱ्यांशी बोलते, ती बिचारी मान हलवतात पण उत्तर देत नाहीत. जाताना तुमचे बाबा म्हणाले, 'उद्या लाल रीळ कापू.' एवढंच. मी लाल रीळ संपलंय हे सांगितलंच नाही, संध्याकाळी जाऊन आणलं.

तेव्हापासून येतात. रोज नाही, रोज म्हणजे — हो, रोजच. अकराला. आता किती वाजले? साडेदहा. वेळ आहे. तुमच्याशी खोटं बोलले का ते? बुके खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलाय म्हणाले फोनवर? अरेरे. नाही, खिडकीजवळ टेबल आहे तिथं, पण — थांबा, क्रमानं सांगू दे, मधलंच ओढलंत तर मी वाहवत जाते.

ते विसरण्याचं आधी. मागल्या वर्षी तुमचा गुरुवारी फोन आला नाही. धाकटीला ताप होता तुमच्या, पुढच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात, मागचा राहिलाच. पण त्या गुरुवारी मला काय माहीत? साडेसात झाले, आठ झाले. शुक्रवारी पण नाही. आणि शनिवारी सकाळी मला दिसतंय, तो माणूस आज दार उघडून बसलेला असणार — कारण तोवर ते चार बोटांचं दार चांगलं हातभर उघडायला लागलं होतं — आणि बुके येणार नाही. मग काय केलं? केला बुके. पिवळी शेवंती, चार पांढरे गुलाब, आणि लिहिली चिठ्ठी. तुमच्या नावानं. चुकलंच माझं, कान धरते. पण लिहायला बसले आणि हात थांबेना हो — 'बाबा, कसे आहात, जेवता ना वेळेवर, सकाळी फिरायला जात जा, रात्री जागू नका, तुमची फार फार आठवण येते.' झालं, दिली नेऊन, दोन्ही हातांनी घेतली त्यांनी, आणि मी स्कूटरवर बसून अशी खुशीत उतरले म्हणता, वा, काय काम केलंय.

सोमवारी आले, स्टुलावर बसले, चिठ्ठी काढून माझ्यापुढं ठेवली. 'अक्षर दर वेळी तुमचंच असतं,' म्हणाले, 'या वेळी शब्दही तुमचे आहेत. अठरा. मोजले मी. माझी मुलगी चाराच्या वर जात नाही.' मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. माफी मागायला गेले तर म्हणाले, 'माझ्या मुलीच्या नावानं लिहायचं असेल तर चार शब्दांत आटपत जा. तुमच्या नावानं लिहायचं असेल तर हवं तेवढं लिहा.' आणि लागले फीत कापायला. मी त्या दिवशी दुपारपर्यंत एक वाक्य धड बोलले नाही. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, बाई, बरं नाहीये का?

हसलात. चला, जीव भांड्यात पडला. मला वाटलं, तुम्ही आता बॅगच उचलता.

मग फोटोचं. त्यांचंच म्हणणं, 'मी इथं येतोच, तुम्ही कशाला चढ चढता? मीच नेतो जाताना.' आणि नुसता नेतील तर ते तुमचे बाबा कसले. 'मीच करतो.' मापं काढून करतात हो. देठ फुटपट्टीवर. मी हातानं पसाभर घेते आणि बांधते, त्यांचं प्रत्येक फूल आपल्या जागी, मागचं उंच, पुढचं बुटकं, कागदाला वरून दुमड, जशी बाहीला असते तशी. म्हणजे तुमचा बाबांसाठीचा बुके, तो गेले आठ महिने बाबाच करतायत. बघा ना फोटोत, सरळ दिसतंय, माझ्या हातचा इतका नीटस कधी होईल? आणि मग फोटो इथंच, काउंटरवर. त्यात काही लपवाछपवी नव्हती, सोय होती नुसती. ह्या कोपऱ्यात त्यांचा चष्मा आलाय, तोही मी बघितला नाही पाठवताना. तुम्ही तो चष्मा बघून घाबरलात? वाटलं, बाबांचा चष्मा परक्या घरात, बाबा कुठं? अगं बाई — अहो, म्हणजे. घाबरायलाच होणार. हे माझ्या डोक्यातच आलं नाही, शप्पथ.

तर दोन महिने ते असे करून घरी न्यायचे. मग एकदा दारापर्यंत गेले, बुके हातात, आणि वळले. 'घरी कोण बघणार?' म्हणाले, 'इथं चार माणसं बघतील.' ठेवला काउंटरवर. पुढच्या महिन्यात दारापर्यंत गेलेच नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात कागदाची दुमड घातली, फीत बांधली, आणि असा सरळ — माझ्यापुढं. 'तुमच्यासाठी.' आयुष्यभर मी या गावाच्या घराघरात फुलं पोचवली. वाढदिवस, बाळंतपणं, रुसवे, दवाखाने. स्वतःला कुणी दिलं नव्हतं हो कधी. फुलवालीला कोण फुलं देतो? मी दोन्ही हात पुसले एप्रनला आणि घेतला.

हे मी सांगणार नव्हते. बघा, हे असं होतं माझं. सांगणार होते फक्त भिंतीचं.

म्हणजे हिशेब असा झाला की तुम्ही तिकडून, दर महिन्याला, न चुकता, तुमच्या बाबांच्या हस्ते मला फुलं पाठवताय. आणि मी तुम्हालाच फोटो काढून कळवतेय, पोचला म्हणून. काय म्हणावं याला? मी रात्री विचार करते आणि एकटीच हसते, मग लाज वाटते, मग पुन्हा हसते.

पण एक सांगते, आणि हे ऐकाच. फुलं देतात मला, चिठ्ठी एक देत नाहीत. एकही नाही. हा एप्रन दिसतोय ना, हा त्यांनी शिवला. चादर काढली मशीनवरची, तेल घातलं, आणि शिवला, माझं माप न घेता — बरोबर बसला, चाळीस वर्षांची नजर. हा खिसा कात्रीचा, हा सुतळीचा, हा पेनचा. आणि हा इकडं छातीशी लहानसा. म्हटलं, हा कशाला? म्हणाले, 'एखादा खिसा रिकामा असावा.' तर याचं बटण शोधायला त्यांनी घरून डबा आणला होता, बटणांचा, गोल पत्र्याचा — हां, तोच, झाकणावर बोटीचं चित्र — आणि उघडला तर वरती बटणं आणि खाली सगळी कार्डं. तुमची. पहिल्या महिन्यापासून, ओळीनं लावलेली. एकाच मजकुराची पस्तीस कार्डं कोण जपून ठेवतं? मी म्हटलं, अहो, सगळ्यांवर तेच तर लिहिलंय. म्हणाले, 'दर वेळी तिनं नव्यानं सांगितलेलं असतं.'

घ्या, हा रुमाल घ्या. स्वच्छ आहे. मी पण बोलायला नको होतं, पण बोलले ते बरंच झालं, कुणीतरी सांगायला हवं होतं तुम्हाला. ते स्वतः सांगणारे नाहीत. त्यांना फोन हातात दिला की हवेची चौकशी करतात, पाऊस आहे का, ऊन आहे का, आणि ठेवतात. तीन आठवडे मी बघतेय. रोज म्हणतात, आज मुलीला सांगतो. फोन लावतात, तुमच्याकडं ऊन आहे हे कळतं, ठेवतात.

काय सांगायचंय? ते — ते त्यांनी सांगावं. नाही, मी नाही सांगणार, माझ्या तोंडाला आता कुलूप. तुम्ही असं बघू नका माझ्याकडं. डोळे अगदी बाबांचे घेतलेत.

विचारलंय मला त्यांनी. लग्नाचं. झालं, सांगितलं. मी अठ्ठावन्न वर्षांची, ते सदुसष्ट, हसायचं तर हसून घ्या. सरळ विचारलं, फीत कापता कापता, मान वर न करता, 'आपण दोघांनी एकाच घरात राहावं असं मला वाटतं, रीतसर.' आणि मी, जिच्या तोंडाला गाव वैतागलंय ती मी, हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. म्हटलं, आधी मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर माझंही नको. हे मी त्यांना सांगितलंय आणि आता तुमच्या तोंडावर सांगते, आणि मनापासून सांगते. तुमच्या आईच्या घरात पाय टाकायचा तर तुमच्या मनाविरुद्ध मी टाकणार नाही. त्यांनी काय म्हणावं? 'ती भांडणार नाही. ती चार शब्दांत उत्तर देईल आणि फोन ठेवेल, आणि मला आयुष्यभर त्या चार शब्दांचा अर्थ लावत बसावं लागेल.' घाबरतात तुम्हाला. बाप मुलीला घाबरतो, बघा. आणि मी? मी पण. मला हवंय हो हे. या वयात काही हवं असलं की माणूस इतका घाबरतो हे मला माहीत नव्हतं. नको म्हणालात तर मी हसत फुलं विकेन, आवाज ऐकून तुम्हाला कळणारसुद्धा नाही, गुरुवारी फोन आला की म्हणेन, नेहमीचाच का? पण घरी जाऊन रडेन, ते आत्ताच सांगून ठेवते.

उठलात? बरं. निघा. मी अडवत नाही. बॅग राहू दे हवं तर, जड दिसतेय, नंतर न्या. घरी जायचं तर आत्ता जाऊ नका, ते निघाले असतील, रस्त्यात चुकामूक होईल — टाकीच्या बाजूनं जा, तिकडून भेटतील. की भेटायचंच नाही आत्ता? तेही कळतं मला. एकदम सगळं ओतलं मी तुमच्यावर, बसमधून उतरल्या उतरल्या, चहासुद्धा विचारला नाही.

काय हवंय? ते? तिथं रिकामी कार्डं आहेत, हो, घ्या की. निळ्या काठाचं नेहमीचं. आज शनिवार, खरंच, आणि गुरुवारी तुमचा फोन आला नव्हता, मी म्हटलंच, पुन्हा ताप आला की काय कुणाला. द्या, मी लिहिते. तुम्ही लिहिणार? लिहा, लिहा, पेन घ्या. हे हिरवं. जरा झटका, कधी कधी अडतं. इथं टेका, तो भाग ओला आहे. मी बघत नाही. मी तोवर देठ कापते. तीन वर्षांत पहिल्यांदा तुमचं अक्षर बघतील ते. मोठं काढा जरा, त्यांचा चष्मा — चष्मा म्हणे, पुन्हा विसरले होते, हा बघा, गल्ल्यावर. झालं एवढ्यात? लिहूनसुद्धा चारच? बाई बाई. मागची बाजू कोरीच आहे, तिथं पण लिहिता येतं. बरं, राहिलं. द्या, पाकिटात घालते, बुके झाला की खोचते.

मी वाचू? माझं काय काम त्यात, बाप-लेकीचं — बरं, बरं. वाचते.

'काकू, बाबांची काळजी घ्या.'

थांबा हां. नाही, पाकीट नको. पाकिटाचं नाहीये हे. हे इथं राहील, या लहान खिशात. बटण लावू दे — नको, तूच लाव गं. हं. रडू येतंय मला, दुसरं काही नाही, चांगलंच रडू आहे.

खोकला ऐकलास? अकराला पाच कमी. चष्मा नाही म्हणून आज पायऱ्या मोजत येणार. जा, पुढं तू हो, दार तू उघड. पूर्ण उघड. मला काही आत्ता बोलायला जमायचं नाही.